पाठ फिरवून बसणारे दाजी

दाजी,

तुम्हाला न्यायची तयारी चालली होती आणि दारात एक म्हैस येऊन उभी राहिली.

म्हशीबरोबर तिचा मालक होता, वाडीवरचा एक म्हातारा. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तीन कोस म्हैस चालवत आणली होती बिचाऱ्याने. जनावरांच्या दवाखान्याला कुलूप दिसलं म्हणून तो सरळ कंपाउंडरच्या घरी आला. अंगणात एवढी माणसं बसलेली पाहून त्याला वाटलं, आज गर्दी जास्त आहे, नंबर उशिरा लागणार. तो निमूट म्हशीचा दोर धरून सगळ्यांच्या मागे बसला. बऱ्याच वेळाने मला हळूच म्हणाला, "कंपोंडर हाईत न्हवं घरात?"

मी आपल्या घराण्यातला बोलका माणूस. हायस्कुलात वीस वर्षं मराठी शिकवतोय, लग्नात मंगलाष्टकं मी म्हणायची, शोकसभेत दोन शब्द मी बोलायचे. मी म्हणालो, "आहेत. म्हणजे, नाहीत. म्हणजे आहेत घरातच, पण..."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, माणसांमधून मान काढून तुमच्याकडे पाहिलं, डोक्याचं मुंडासं काढलं आणि मोठ्याने रडायला लागला. त्याचं ऐकून आतल्या बायका पुन्हा सुरू झाल्या. रडतारडताच तो मला म्हणाला, "मंग आता हिचं कोन बगंल वो गुरुजी? पोट फुगलंय हिचं."

आणि दाजी, आतून अक्काचा आवाज आला. तुमच्या उशाशी बसलेली माझी सख्खी बहीण, हुंदका अर्ध्यात थांबवून विचारत होती, "कंची कूस फुगलीया? डावी का उजवी?"

"डावी, वयनी."

"मंग गोडं तेल पाजा आन् फिरवत ऱ्हावा. बसू देऊ नगा तिला." एवढं बोलून तिने पुन्हा हंबरडा फोडला.

म्हैस वाचली. हे आधी सांगून टाकतो, कारण तुम्ही आधी तेच विचारलं असतंत.

दुसरं तुम्ही मंदाचं विचाराल. त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही, म्हणून तर सकाळी सकाळी लिहायला बसलोय. तुम्ही गेल्याला आज अकरा दिवस झाले, आणि अकरा दिवस झाले, माझी पोरगी पुन्हा बोलायची थांबली आहे. हाक मारली की बघते. ताट ठेवलं की भाकरीचे तुकडे करते आणि तुकडेच करत बसते. परवा तिची आई मला म्हणाली, "मागच्या टायमाला दाजी होते. आता काय करायचं?" मी बोलका माणूस. मी उठून वह्या तपासायला बसलो.

मागच्या वेळचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. पण माझ्या तोंडून ते तुम्ही धड कधी ऐकलं नाहीत. तुम्ही विषय काढलात की मी सुपारीची डबी शोधायला लागायचो. आज डबी समोरच ठेवली आहे.

दसऱ्याच्या आधी आमच्या शाळेत वक्तृत्वस्पर्धा झाली. मंदा नववीत, वर्ग माझाच. तिला बोलायची हौस नव्हती. हौस मला होती. तिचं भाषण मी लिहिलं. विषय निवडला तोही मीच: 'दुष्काळ, एक इष्टापत्ती'. विहिरी आटल्या होत्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, तिथे वाटल्या जाणाऱ्या सुकडीवर दिवस काढत होती, घरोघर रेशनवरच्या त्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या आणि मी सतरा पानं भरून सिद्ध केलं होतं की हे सगळं आपल्या भल्याचंच चाललं आहे. पोरीने पंधरा दिवस घोकलं. स्वयंपाकघरात घोकलं, न्हाणीघरात घोकलं. स्पर्धेच्या दिवशी तालुक्याहून पाहुणे आले होते. मंदा उभी राहिली, छान सुरुवात केली, आणि सहाव्या पानावर थांबली.

नुसती थांबली. समोर बघत उभी.

पुढचं वाक्य होतं, 'भूक ही माणसाची पहिली शाळा आहे.' माझं आवडतं वाक्य. मी शिक्षकांच्या रांगेत बसलो होतो. आधी नुसते ओठ हलवले. मग कुजबुजलो. मग, दाजी, मला राहवलंच नाही. मी खुर्चीतून उठलो आणि भर सभेत ओरडलो, "भूक! मंदे, भूक! भूक!"

मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, गुरुजींना सुकडी द्या कुनीतरी!" आणि अख्खी शाळा हसली. पाहुणे हसले. मुख्याध्यापक रुमालात हसले. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा थोडा हसलो.

मंदा खाली उतरली, घरी गेली, आणि त्यानंतर ना शाळेत गेली, ना कुणाशी बोलली.

मी लगेच इलाज सुरू केले. माझं निदान पक्कं होतं: पोरगी भाषण विसरली, म्हणजे स्मरणशक्ती कमी पडली. ब्राह्मीचं तेल आणलं, भिजवलेले बदाम सुरू केले. तिच्या आईने ताईत आणला. माझा विश्वास नाही, पण दंडाला मीच बांधला. मग समजूत घालणारे आले. आपल्याकडे माणूस गप्प बसलं की त्याची समजूत घालायला गाव लोटतं. पोस्टमास्तर येऊन गेले, शेजारच्या काकू येऊन गेल्या, नगरहून माझा चुलतभाऊ मुद्दाम एस.टी.ने आला. प्रत्येकजण तिच्यासमोर पाट मांडून बसायचा आणि म्हणायचा, "बोल बाळ, काय झालं? मन मोकळं कर." एकाचं झालं की दुसरा. पोरगी भिंतीला टेकून बसायची आणि दिवसेंदिवस भिंतीत शिरल्यासारखी व्हायची.

त्यात मी वेळापत्रक केलं. तुम्ही ते पाहिलंत आणि तोंडातली तंबाखू थुंकायला म्हणून बाहेर गेलात, ते हसायलाच गेलात हे मला मागाहून कळलं. सकाळी सहा, उठणे. साडेसहा, ब्राह्मी. असं करत करत सायंकाळी साडेपाच ते सहा, मन मोकळे करणे. त्याखाली मी लाल शाईने रेघसुद्धा ओढली होती.

"गुरुजी," तुम्ही आत येऊन म्हणालात, "आन् सहाच्या आत मोकळं न्हाई झालं तर?"

मी म्हणालो, "थट्टा करू नका, दाजी. तुम्ही सातवी नापास. मुलांच्या मनाचं तुम्हाला काय कळतं?"

"मुलांचं न्हाई कळत," तुम्ही म्हणालात. "बुजल्याल्या जनावराचं कळतं."

मी तुमच्याशी तीन दिवस बोललो नाही. माझ्या पोरीला जनावर म्हणता?

तिसऱ्या दिवशी दुपारी मंदा घरात नव्हती.

दाजी, तो दिवस मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. घर बघितलं, परसदार बघितलं, आणि माझे पाय आपोआप मळ्यातल्या विहिरीकडे पळायला लागले. चपला कुठे पडल्या ते कळलं नाही. धोतर आवरत मी काठावर गेलो आणि खाली वाकलो. विहीर कोरडी ठाक होती. तळाशी भेगा पडलेला गाळ, बस. मी तिथेच खाली बसलो आणि आकाशाकडे बघून हात जोडले. पाऊस पडला नाही म्हणून देवाचे आभार मानणारा अख्ख्या जिल्ह्यात त्या साली मी एकटाच असेन.

तिथून मी तुमच्या दवाखान्याकडे आलो. मंदा तिथे होती. दवाखान्यामागे खोडा आहे, जनावराला औषध पाजताना अडकवतात ती लाकडी चौकट. त्या खोड्याशेजारी एक खोंड बांधलेला होता. कशाने तरी भेदरलेला, डोळे पांढरे, दोर ताणून मागे सरलेला. आणि तुम्ही त्याच्याकडे चक्क पाठ फिरवून जमिनीवर बसला होतात, तंबाखू मळत. मंदा दहा हातांवर उभी राहून बघत होती.

मी ओरडणार होतो. तुम्ही मागे न बघता नुसता हात वर केलात. मी थांबलो. माझ्या आयुष्यात कुणाच्या हाताने मी गप्प बसल्याचा तो पहिला प्रसंग.

बराच वेळ गेला. तुम्ही काहीतरी पुटपुटत होतात, अभंग नाही, गाणं नाही, उगीच काहीतरी, पाऊसपाण्याचं. हळूहळू दोर सैल झाला. खोंड एक पाऊल पुढे आला. मग अजून एक. मग त्याने नाक लांब करून तुमच्या पाठीचा वास घेतला आणि तुमच्या सदऱ्यावर जोरात शिंकला.

"आलं का?" तुम्ही त्याला म्हणालात. "मंग बस."

मंदा तुमच्या बाजूला येऊन बसली. तुम्ही तिच्याकडेही बघितलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी अक्काने येऊन सांगितलं, "पोरगी उद्यापासून माझ्यासंगट छावनीवर यील." गुरांची छावणी नुकती सुरू झाली होती आणि सरकारने तुम्हाला तिकडे नेमलं होतं. शेकडो जनावरं, त्यांच्या शेजारीच पथारी टाकलेले त्यांचे मालक, चाऱ्याच्या पेंढ्या आणि धूळ. मी म्हणालो, "शाळा सोडून शेणात?" अक्का म्हणाली, "शाळेत तरी कुटं हाय ती?" माझ्या बहिणीपुढे माझं वक्तृत्व कधी चाललेलं नाही, ते तुम्हाला माहीत आहेच. तिच्यापुढे तुमचंही चाललं नाही.

छावणीवर तिला कुणी काही विचारलं नाही. तुम्ही तशी सगळ्यांना ताकीदच दिली होती, ती कशी दिली होती तेही मला कळलं: "पोरगी माझी हाय. तिला कसं वाटतंय आसं कुनी इचारलं तर त्याच्या बैलाला सुई मीच टोचनार हाय, ध्यानात ठिवा." ती बादली धरायची, वासरांना पाणी दाखवायची, दुपारी तुमच्या बाजेच्या एका टोकाला बसायची. दुसऱ्या टोकाला तुम्ही, पाठ फिरवून. अठरा दिवस. मी मोजत होतो. तुम्ही नव्हतात मोजत.

आता माझी कथा. माझ्या मनात आलं, हे तर सोपं आहे, हे मीही करू शकतो. रविवारी मंदा घरी होती. मी ओसरीवर तिच्याकडे पाठ फिरवून बसलो. तंबाखू खात नाही, म्हणून सुपारी कातरत बसलो. पुटपुटायचंही ठरवलं, पण मला पाऊसपाण्याचं काही सुचेना, म्हणून पाढे म्हटले. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत आलो तेव्हा बायको बाहेर आली. म्हणाली, "पोरीवर रुसलात का? काय केलंय तिनं?" मागे वळून बघतो तर मंदाच्या डोळ्यांत पाणी. तिला वाटलं, बापाने तिच्याकडे तोंडसुद्धा करायचं टाकलं.

तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की चाऱ्याच्या पेंढ्यावर आडवे झालात. मग उठून डोळे पुसत म्हणालात, "गुरुजी, पाठ फिरवली म्हंजी झालं व्हय? पाठीला बी कान लागत्यात. तुमचं तोंड लई शिकलंय, कान मातुर अडानी ऱ्हायलं."

वाक्य चांगलं होतं. मी त्याच वेळी मनात म्हटलं, हे कुठेतरी वापरायला पाहिजे. म्हणजे बघा, कान कसे अडाणी ते.

एकोणिसाव्या दिवशी ती तुमच्याशी बोलली. अक्काने लांबून पाहिलं आणि मला येऊन सांगितलं, मंदा बाजेवर बसून बोलत होती, बराच वेळ, आणि तुम्ही पाठमोरे मान हलवत होतात. मी धावत आलो. "काय म्हणाली? दाजी, काय म्हणाली?"

"म्हशीचं बोलली."

"तासभर?"

"म्हस मोठी हुती."

त्यानंतर ती घरातही बोलायला लागली, थोडं थोडं. मीठ दे, पाणी आणते, एवढंच, पण आमच्यासाठी तो सणच होता. आणि हसली ती संक्रांतीच्या सुमाराला. मी पांढरं धोतर, कोट, टोपी घालून छावणीत आलो होतो. सोबत नवं वेळापत्रक, शाळेत परत जाण्याचं. ते कोटाच्या खिशातून जरा बाहेर डोकावत होतं. मी तुम्हाला त्याचं महत्त्व समजावत असताना एका वासराने मागून येऊन ते ओढलं आणि खाल्लं. सगळं खाल्लं, लाल रेघेसकट. मी ते तोंडातून काढायला गेलो तर बोटंही चाटली. मंदा इतकी हसली, इतकी हसली की तिच्या हातातली बादली सांडली, आणि पाणीटंचाईचं साल असूनही त्या दिवशी तुम्ही कुणाला रागावला नाहीत. वासराला थोपटून म्हणालात, "ह्यो पैला जीव, ज्याला गुरुजींचं लिखान पचलं."

ती शाळेत परत गेली. मला वाटलं, झालं, बरी झाली. तुम्हाला तसं वाटत नव्हतं.

आपलं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. तुम्ही बाजेवर बसला होतात, माझ्यासाठी चहा सांगितला होतात. म्हणालात, "गुरुजी, पोरीची माफी मागा."

"कशाची?"

"मागा, मंग कळंल कशाची."

"हे कुठलं शास्त्र? आधी गुन्हा सांगा. आणि बाप लेकीची माफी मागतो का कधी? आपल्या सात पिढ्यांत मागितलीय कुणी?"

"सात पिढ्यांत पोरगी गप्प बसली आसंल तर इचारा कुनी काय केलं."

"तिने तुम्हाला काहीतरी सांगितलंय. काय ते मला सांगा."

"तिचं हाय ते. ती देईल तवा घ्या."

मी चिडलो. तुम्ही आमच्या घरात फूट पाडता, म्हणालो. नको ते सगळं बोललो. आणि तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तुम्ही मला गुरुजी म्हणाला नाहीत. म्हणालात, "तू तिच्याम्होरं नुस्ता बापावानी ये की रं. मास्तर घरी ठिवून ये एक दिस."

मी चहा न पिता उठलो. मागे वळून बघितलंही नाही. त्यानंतर पंधराव्या दिवशी अक्काचा निरोप आला.

तो चहा कुणी प्यायला असेल, हा एक विचार डोक्यातून जात नाही.

काल तुमचा दहावा झाला. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दुष्काळातला कावळा, दाजी! बाभळीवर बसून भाताकडे एकटक बघत होता आणि खाली उतरायला तयार नव्हता. मग सुरू झाली आश्वासनं. तुमच्या धाकट्या भावाने सांगितलं, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा बसून. छावणीतल्या लोकांनी सांगितलं, जनावरांचे हाल होऊ देणार नाही. कावळा बसून. त्या म्हशीवाल्या म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं, "म्हस बरी हाय वो! दूध द्याया लागली!" कावळ्याने नुसती मान वाकडी केली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बोलका मी. मी चांगलं दहा मिनिटं बोललो. कावळा झोपेला आल्यासारखा वाटला. शेवटी मी कुणाला ऐकू येणार नाही असं म्हणालो, "मागतो माफी, दाजी. उद्या मागतो." आणि आशेने वर बघितलं.

कावळा जागचा हलला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण काल दिवसभर मला करमलं नाही. माफीही जर पुरेशी नसेल, तर तुमचं अडलंय तरी कुठे?

इथवर लिहून मी उठलो होतो. आता दुपार टळली आहे, आणि पुन्हा बसलोय.

मंदा अंगणात चिंचा फोडत होती. मी जाऊन शेजारी बसलो. पाठ फिरवली नाही, समोरही बसलो नाही. बाजूला बसलो, आणि तिच्यापुढच्या चिंचा मीही फोडायला घेतल्या. मला ते काम येत नाही. चिंचोके इकडेतिकडे उडत होते. बऱ्याच वेळाने म्हणालो, "मंदे, माझं चुकलं."

तिचे हात थांबले. "काय?"

अकरा दिवसांतला पहिला शब्द.

"स्पर्धेच्या दिवशी. मी मध्येच ओरडायला नको होतं. तू विसरलीस, तर विसरू द्यायचं होतं तुला."

"मी विसरले नव्हते, अण्णा."

मी हातातली चिंच खाली ठेवली.

"भूक ही माणसाची पहिली शाळा आहे. येत होतं मला. पण समोर शेवंता बसली होती." शेवंता म्हणजे तिच्या बाकावरची मुलगी, मलाही चेहरा आठवला. "आदल्या दिवसापासून तिच्या पोटात काही नव्हतं. सकाळी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली होती तिनं, तेवढीच. तिच्याकडं बघून मला ते वाक्य म्हणवेना. मी विचार करत होते, ते गाळून पुढचं म्हणू का. तेवढ्यात तुम्ही उठलात."

मी पुढची चिंच उचलली आणि न फोडताच फोडलेल्या ढिगात टाकली.

"सगळे हसले, तेव्हा ती उठून गेली. सगळ्यांना वाटलं, मला हसतायत. तिला वाटलं, तिला. तिची नजर बघूनच कळलं मला, तिला वाटलं, मी घरी सांगितलं आणि तुम्ही ते मुद्दाम ओरडलात. दसऱ्यानंतर ते लोक ऊसतोडीला गेले. मला न भेटता गेली ती."

दाजी, पाच महिने मी माझ्या पोरीच्या स्मरणशक्तीवर इलाज केले. बदाम चारले. आणि तिचं दुखणं काय होतं, तर तिला विसरता येत नव्हतं.

मी विचारलं, "मामांना सांगितलं होतंस हे?" आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात, तुम्ही मंदाचे मामा.

"हो. मामा म्हणाले होते, आपण दोघं जाऊन येऊ शेवंताकडं. राहुरीकडं कुठल्या कारखान्यावर आहेत तेपण काढून ठेवलं होतं त्यांनी, छावणीवरच्या गाडीवाल्यांना विचारून. शिमगा झाला की नेतो म्हणाले होते." आणि मग ती रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून रडली नव्हती, दाजी. डोळ्यांत टिपूसही नव्हतं. ती आत्ता रडली, चिंचेच्या हातांनी डोळे पुसत, त्यामुळे डोळे झोंबून आणखी रडली. मी तिला धोतराचा सोगा दिला.

म्हणजे तुमचं इथे अडलं होतं. आणि आम्ही तिकडे कावळ्याला दुधाचा हिशेब सांगत होतो.

"मी नेतो," मी म्हणालो.

तिने रडणं थांबवून माझ्याकडे बघितलं. परीक्षेत मी मुलांकडे बघतो, त्या नजरेने. "तुम्ही?"

"हो."

"तुम्ही तिथं बोलाल."

"नाही बोलणार."

"अण्णा, तुम्ही बोलाल. तुम्ही तिच्या आईला सांगाल शिक्षणाचं महत्त्व."

खरं सांगतो, माझ्या मनात पहिली दोन वाक्यं तयारसुद्धा झाली होती. मी ती गिळली. "तू सांगशील तेवढंच बोलेन."

"तुम्ही पिशवी धरायची. आणि तिनं विचारलं तर म्हणायचं, मंदानं मला काही सांगितलं नव्हतं. खरं आहे ते. तेवढंच म्हणायचं."

अक्काला विचारलं, तेराव्याआधी प्रवास करावा का, तो परवावर आला आहे. ती म्हणाली, "त्यांनी सबूद दिल्याला हाय. त्येराव्याच्या आत पुरा करा. तिकडं गेल्याव बैलं बी बगून या कशी हाईत, त्यांनी बगितली असती." म्हणजे उद्या पहाटेची नगरची एस.टी., तिथून पुढे राहुरीची. कारखान्याजवळ उतरून तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, शोधायच्या. मला बैलांतलं काही कळत नाही. नुसतं बघून येईन.

शेवंता बोलेल की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित तोंड फिरवेल, आणि तो तिचा हक्क आहे. मंदालाही ते माहीत आहे. दुपारी ताटावर बसली तेव्हा तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या, मिलोच्या, कुरकुर न करता, लांबच्या प्रवासाला निघायचं असलेल्या माणसाने खाव्यात तशा.

माझ्याकडून काही आश्वासनं नकोत तुम्हाला. काल कावळ्यासमोर भरपूर झाली. आभार मानायचे तर तुम्ही म्हणाल, गुरुजी, आवरा. भांडणाचं म्हणाल तर तुम्ही जिंकलात, आणि जिंकल्यावर तुम्ही जे हसला असतात, ते ऐकायला मिळालं नाही म्हणून मला आज फार वाईट वाटतंय. एवढंच म्हणतो आणि थांबतो.

आता मंदा आतून येऊन उंबऱ्यावर उभी आहे. विचारते आहे, "अण्णा, इतकं काय लिहिताय? भाषण तर नाही ना, उद्यासाठी?"

मी म्हणालो, "नाही. मामांना लिहितोय."

ती उंबरा ओलांडून बाहेर आली. मग म्हणाली, "मग त्यांना कळवा, आपण जातोय म्हणून."

दाजी, आम्ही जातोय.